वहिनीच्या उंबऱ्याबाहेरच्या चार बाटल्या

परत आल्यापासून भिशीतल्या बायका विचारतायत, "लोणावळ्याला जाऊन आलात आणि चिक्की नाही आणलीत?" नाही आणली. मी तिकडे वाइन चाखायला गेले होते, असं म्हटलं की आधी सगळ्या हसतात, मग एकमेकींकडे बघतात आणि मग खुर्च्या पुढे ओढतात. प्रत्येकीला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. ज्यांना लोणावळा म्हणजे धुकं, भजी आणि पॉइंटावरची माकडं एवढंच ठाऊक आहे, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आम्ही देहूरोडची माणसं. आमचे हे लष्कराच्या डेपोत होते, आता निवृत्त होऊन टीव्हीच्या रिमोटवर ड्यूटी करतात. लोणावळा इतकं जवळ, की मुद्दाम उठून कुणी जात नाही. शिवाय माझं माहेर त्याच अंगाला, औंढ्याच्या पुढे एका वाडीत. माहेरी जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही. पण मागच्या माघात माझी नात रेणू गाडी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तीन दिवसांचे कपडे भर. आजोबांचा डबा लावलाय."

रेणू माझ्या लेकीची लेक. पुण्यातल्या मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून तिनं लोणावळ्यातल्या एका लहानशा गेस्टहाउसचं स्वयंपाकघर चालवायला घेतलंय. तिच्या डोक्यात एक खूळ होतं. रविवारी दुपारी पाहुण्यांना अस्सल मावळी जेवण वाढायचं आणि प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला शोभेल अशी वाइन द्यायची. गेस्टहाउसकडे परवाना होता. मालकांनी एका रविवारची संधी दिली होती. जमलं तर स्वयंपाकघर तिच्या मर्जीनं चालणार, नाही जमलं तर पुन्हा पनीर आणि नूडल्स.

"आणि रांधणार कोण?" मी विचारलं.

"मामीआजी. ती हो म्हणाली आहे."

मामीआजी म्हणजे माझी वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. वाडीतल्या घरात आता ती एकटीच असते. तिच्या हातचा रस्सा ज्यानं खाल्लाय, तो दुसऱ्याच्या रश्श्याला चांगलं म्हणताना आधी थोडा थांबतो. रेणूनं तिच्याकडून शिकून पुण्यात करून पाहिला होता, पण तो नुसता लाल व्हायचा.

जुन्या हायवेनं तळेगाव गेलं, कामशेत गेलं. कार्ल्याच्या फाट्यापाशी मी सवयीनं एकवीरेला हात जोडले आणि सहज विचारलं, "वाइनचं वहिनीला सांगितलंस ना?"

रेणूनं आरशात बघितलं, गिअर बदलला, उगीच हॉर्न वाजवला. "ते तू सांगणार आहेस, आजी."

मला कशासाठी आणलंय, ते लोणावळ्याच्या अलीकडे कळलं.

लोणावळा, शुक्रवार

गेस्टहाउस जुन्या पारशी बंगल्यातलं. उतार असलेली कौलं, लांब व्हरांडा, मागे फणसाची दोन झाडं. जेवणघरात भिंतीला लाकडी कप्पे केले होते आणि त्यांत वाइनच्या बाटल्या ठेवल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या आडव्या.

मला हसू आवरेना. रेणूला वाटलं, आजी अजून काही न पिताच अशी का करते. तिला सांगावं लागलं, ते इथंही सांगते.

मी पन्नाशीत होते तेव्हा वाडीतल्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध उठाव केला. गावातल्या बायकांचं मतदान होतं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. वाडीत मला मताचा हक्क नव्हता, कारण मी सासरी देहूरोडची मतदार. मत देता येत नाही म्हणून मी भाषण द्यायला गेले. खळ केलेली पांढरी साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला पर्स. देवळाच्या कट्ट्यावर चढून मी लाउडस्पीकरमधून गावाला असं काही झापलं, की दोन कुत्री उठून निघून गेली. "या गावात बाटली आली तर माझ्या अंगावरून येईल!" टाळ्या पडल्या. मग मी चहा घेतला आणि पाचच्या एसटीनं घरी आले. घरोघरी फिरून बायका गोळा करणं, नवऱ्यांच्या शिव्या खाणं, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना हाताला धरून आणणं, हे सगळं वहिनीनं केलं. कारण त्या दुकानाचं सगळ्यांत नियमित गिऱ्हाईक तिच्याच घरात होतं. माझा दादा.

दुकान बंद झालं. पेपरात फोटो आला, त्यात मी पुढे आणि वहिनी कुणाच्या तरी खांद्यामागे. दादा पलीकडच्या गावापर्यंत चालत जायला लागला. पुढं त्याचं काय व्हायचं ते झालं.

तर अशी मी, त्या आडव्या बाटल्यांपुढे उभी होते.

"आजी, या आडव्याच ठेवायच्या असतात," मागून कुणीतरी म्हणालं. हा कुलदीप. नाशिककडचा, तिशीतला, वाइन पुरवणारा आणि वाइन कशी प्यायची ते शिकवणाराही. "बूच ओलं राहतं, वाळत नाही."

"आमच्या गावात दुसरं कारण होतं," मी म्हटलं.

कुलदीप गोड मुलगा. त्यानं टेबलावर चार बाटल्या मांडल्या. दोन पांढऱ्या, एक गुलाबी, एक लाल. पांढऱ्यांतली पहिली शेनिन ब्लां, जराशी गोडसर. दुसरी सोव्हिनियों ब्लां, चटकदार. गुलाबी ती रोझे आणि लाल ती शिराझ. नावं पाठ करायला मला दुपार लागली. अजूनही सोव्हिनियों म्हणताना नाक दाबल्यासारखं होतं.

"आजी, तुम्ही ओता," तो मानानं म्हणाला. मी ओतली. चारही ग्लास काठोकाठ.

तो बघतच राहिला. "आजी, एवढी नाही. तिसऱ्या हिश्श्याइतकी. वर वासासाठी जागा सोडायची."

"वासासाठी जागा सोडायची म्हणून पाहुण्याला रिकामा ग्लास द्यायचा? आमच्याकडे ताक असं वाढलं तर सोयरीक मोडेल."

रेणू हसून टेबलावर आडवी झाली. सांडल्याशिवाय ते ग्लास उचलता येईनात, म्हणून मी वाकून बशीतला चहा भुरकतात तसा वरचा थर भुरकून घेतला. कुलदीप म्हणाला, "हे कुठल्याच पुस्तकात नाही."

मग मी त्याला माझा वाइनचा जुना अनुभव सांगितला. लग्न होऊन देहूरोडला आले त्या वर्षी ह्यांच्या साहेबांनी बंगल्यावर जेवायला बोलावलं होतं. प्रत्येकाच्या ताटापाशी काचेच्या ग्लासात लाल, पातळ काहीतरी ठेवलेलं. आमच्याकडे ताटापाशी पातळ ठेवतात ते भातावर घ्यायला. कट असेल, सार असेल. मी उचललं आणि पुलावावर ओतलं. नीट कालवलं. मला वाटलं, सगळे माझ्या हाताच्या सफाईकडे बघतायत, म्हणून आणखीच डौलानं जेवले. साहेबांच्या बाईंनी विचारलं, "ठीक आहे ना?" मी म्हटलं, "कट छान झालाय, मीठ तेवढं कमी आहे." हे घरापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. दाराचं कुलूप काढताना विचारलं, "चढली का गं?"

"आजी, परदेशात वाइन घालून भात शिजवतात," कुलदीप म्हणाला.

"मग? मी फक्त घाई केली."

त्यानं ग्लास कसा फिरवायचा, नाक कसं आत घालायचं, घोट तोंडात कसा खेळवायचा ते दाखवलं. शेवटी चव कळली की शेजारच्या भांड्यात थुंकायचं. ते मला जमेना. तोंडात घेतलेलं थुंकायचं नाही, हे आईनं इतकं ठोकून शिकवलं होतं, की दर वेळी घशाखालीच उतरायचं. चटकदार पांढरीचा वास घेऊन तो म्हणाला, "काय आठवतं?" मी म्हटलं, कच्चा पेरू, देठासकट चावलेला. तो खूश झाला. मला शाबासकीची चटक लागली. गुलाबीत मला कलिंगडाच्या सालीजवळचा पांढरा भाग सापडला, तोही त्यानं मान्य केला. माझ्यातली कट्ट्यावरची वक्त्री जागी होत होती.

मग लाल आली. मी नाक घातलं, आणि करवंदं.

भाज्याच्या लेण्यांच्या वरच्या अंगाला, विसापूरच्या चढावर करवंदांच्या जाळ्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडे गेलो की दादा मला तिकडे घेऊन जायचा. जाळीत हात तो घालायचा, ओरखडे त्याला, करवंदं माझ्या फ्रॉकच्या ओच्यात. "काळं काळं खा, लाल मला टाक," म्हणायचा. आंबट लाल त्याला खरंच आवडतात असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. संध्याकाळी आम्ही जिभा बाहेर काढून कुणाची जास्त जांभळी ते बघायचो. मला तो तसा दिसला. नंतरचा, ओसरीच्या खांबाला धरून उभा राहणारा नाही. जांभळ्या जिभेचा.

मी ग्लास खाली ठेवला. कुलदीपनं विचारलं, "काय आठवलं, आजी?"

"करवंद," मी म्हटलं. ते उत्तर म्हणून बरोबर होतं. पुढचं काही मी सांगितलं नाही.

रेणूचं वेगळंच चाललं होतं. चीज आणि बिस्किटांबरोबर सगळंच बरं लागत होतं, पण तिचं जेवण चीजचं नव्हतं. ठेचा होता, खेकड्याचा रस्सा होता. "मामीआजीच्या रश्श्याबरोबरच चाखायला हवं," ती म्हणाली. "आणि तो गरमच हवा. डब्यात आणला की बदलतो. बाटल्या तिच्या घरी न्याव्या लागतील."

वाडी, शनिवार

गाडीच्या डिकीत भाजी, खेकडे आणि कुलदीपचा बर्फाचा डबा होता. म्हणून बाटल्यांची पिशवी माझ्या मांडीवर. वर भाकरीचं फडकं टाकलं होतं. औंढ्याच्या अलीकडे तुकाआबांनी हात केला. वाडीतले जुने, पायांनी थकलेले. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. रस्ता उखडलेला. प्रत्येक खड्ड्याला पिशवीतून टिण्ण आवाज येई आणि प्रत्येक टिण्णला मी खोकत होते.

"खोकला लय झालाय आक्का तुमाला," आबा म्हणाले.

"हवा बदलली की होतो."

"पिशवीत काय?"

"काकवी."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "तुमीच ना त्या, बाटली आडवी करायला आलत्या? काळा चष्मा घालून?"

"मीच ती."

वाडीच्या तोंडाशी आबा उतरले, काठी टेकली आणि खिडकीत वाकले. "काकवी लय वाजती तुमची," म्हणाले आणि गेले.

रेणूनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. कुलदीप पुढच्या सीटवर इतका ताठ बसला होता, की मला त्याची दया आली.

वहिनी अंगणात पावटे सोलत होती. मला बघून उठली, गालांवरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली. "वाळला की वो वन्सं!" दर वेळी म्हणते. मी दर वेळी जाडच होत असते. पाणी दिलं, गूळ दिला. घर तसंच होतं. सारवलेली जमीन, चुलीवर काळी झालेली भिंत, दाराच्या चौकटीला हळदीची बोटं. चुलीवर वाटणाचा कांदा भाजायला पडलेला, त्याचा वास अंगणभर.

मी पावट्यांची पाटी पुढे ओढली आणि सोलता सोलता सांगून टाकलं. रेणूच्या जेवणाबरोबर वाइन असणार आहे. द्राक्षांची असते. थोडी थोडी प्यायची असते. कुठली कशाबरोबर जाते ते बघायला चार बाटल्या आणल्यात. बाहेर गाडीत आहेत.

वहिनीचा हात थांबला.

"वन्सं, तुमी त्या कट्ट्यावर हुब्या राहून काय म्हनला व्हता?"

"बाटली आली तर माझ्या अंगावरून येईल."

"मंग?"

"अंगावरून नाही आली, वहिनी. मांडीवर बसून आली."

एरवी ती हसली असती. ती उठून आत गेली. चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. रेणू दारात गेली आणि हळूच म्हणाली, "मामीआजी, तुला नको असेल तर नको. मी मालकांना नाही म्हणून कळवते."

आतून कांदा परतल्याचा आवाज आला.

"उंबऱ्याच्या आत न्हाई," शेवटी वहिनी म्हणाली. "खळ्यावर मांडा काय मांडायचं ते. ताटं मी देते. उद्याचं उद्या बघू. अजून मी व्हय म्हनल्याली न्हाई."

मळणी होऊन गेली होती, तरी अंगणाला लागून असलेलं खळं अजून सारवलेलं, गुळगुळीत होतं. कडेला भाताच्या पेंढ्यांची उडवी, समोर लोहगड. कुलदीपचा बर्फ वितळला होता, म्हणून त्यानं पांढऱ्या बाटल्या विहिरीच्या पाण्याच्या हंड्यात उभ्या केल्या. पोत्यावर बसून आम्ही ग्लास मांडले. वहिनी उंबऱ्यापर्यंत यायची, ताट रेणूच्या हातात द्यायची आणि परत जायची.

तांदळाची भाकरी, पांढरी, पापुद्रा सुटलेली. ओढ्यातल्या काळ्या खेकड्यांचा रस्सा. चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत. पावट्याची आमटी, सुकटीची चटणी, हिरवा ठेचा. इंद्रायणी भाताची मूद. मी आधी नुसतं जेवले. वाइन कुठं पळून जात नव्हती.

मग कामाला लागलो. रश्श्यावर लाल शिराझ घेतली आणि तोंडात भांडण लागलं. तिखट दुप्पट झालं, वाइन कडू झाली. दोघं एकेकटी चांगली, एका घरात नांदेनात. कुलदीपनं नाक पुसलं, डोळे पुसले आणि भीत भीत दाराकडे बघून म्हणाला, "मामी, उद्या रश्श्यात मिरची जरा कमी करता येईल?"

"भाऊ, तिखट नको आसंल तर दूधभात देते की," आतून आवाज आला.

"मिरची तशीच राहील," रेणू म्हणाली. "वाइन बदलायची."

गोडसर शेनिन घेतली, विहिरीच्या पाण्यानं गार झालेली. रश्श्याचा घास, वर एक घोट. जीभ निवली आणि खेकड्याची गोडी, जी तिखटाखाली दडून बसली होती, ती वर आली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुलदीपनं मांडीवर थाप मारली. भरताशी मात्र लाल जमली. वांग्याच्या धुरकट वासापुढे तिचा कडूपणा मवाळ झाला. सुकटीला चटकदार सोव्हिनियों, तिथं लिंबू पिळायची गरजच राहिली नाही. पावट्याला गुलाबी. त्यावर रेणूचं आणि माझं पटेना. मी म्हटलं, पावट्याला ताकच बरं. अजूनही माझं तेच मत आहे.

आता माझं डोकं ठिकाणावर राहायला हवं होतं. वहिनीच्या अंगणात मी झोकांडी खाल्ली असती, तर सगळं संपलं असतं. म्हणून त्या दिवशी मी पहिल्यांदा थुंकले. घोट तोंडात घोळवला, खळ्याच्या कडेला गेले आणि पेंढ्यापाशी थुंकून दिला. वळले तर वहिनी उंबऱ्यात, हातात भाकरी.

"थुकला?"

"हो."

"आवडली न्हाई?"

"आवडली."

"मंग थुकला कशापायी?"

"चव कळली की झालं, मामी," कुलदीप म्हणाला. "पोटात जायलाच पाहिजे असं नाही."

वहिनी तशीच उभी राहिली. भाकरी हातात गार होत होती. मग ती उंबऱ्यावरच बसली.

"हितं कुनी थुकली न्हाई, वन्सं. येकदाबी न्हाई."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. रेणू काहीतरी बोलणार होती, मी तिला डोळ्यांनी थांबवलं.

"तुमच्या दादासाटी रोज ताट करायची," वहिनी खळ्याकडे बघत बोलत होती. "झाकून ठिवायची. तुमचं दादा यायचं आनि तसंच आडवं व्हायचं. सकाळी उगडायची, तर भाकरी वाळल्याली, रश्श्यावर तेल थिजल्यालं. बोट सुदिक लावल्यालं नसायचं. खेकडे तर हातानं धरून आनायचं आधी. लय आवड. पन माज्या हातचं कधी चवीनं खाल्लं आसंल तर लगीन झाल्यावर दोन-तीन वरसं. सगळी म्हन्त्यात, हिच्या हाताला चव हाय. आसंल. मला कुटं ठावं? मी रोज गार ताट उगडायची आनि शेळ्यांना घालायची."

दुकान बंद झालं त्या दिवशी मी ह्याच उंबऱ्यातून आत येऊन वहिनीच्या गळ्यात हार घातला होता. मला वाटलं होतं, जिंकलो. ताट रोज झाकलेलं राहतं, हे हार घालणाऱ्या बाईनं कधी विचारलंच नव्हतं. काळ्या चष्म्यातून दिसलं नसेल.

कुलदीप मान खाली घालून जेवत होता. घास, मग ग्लासातला एवढासा घोट, मग पुन्हा घास. वहिनी त्याच्याकडे बघत होती. त्यानं ताटातला रस्सा भाकरीच्या तुकड्यानं निपटून घेतला आणि अगदी संकोचून म्हणाला, "मामी, अजून एक भाकरी मिळेल?"

तिनं हातातली दिली, मग थांबून परत घेतली. "ही गार झाली. गरम देते."

आम्ही निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत आली. पिशवीकडे न बघता रेणूला म्हणाली, "सकाळी न्यायला ये. पन माजं ऐकायचं. ताटाच्या आदी ग्लास न्हाई. भाकरी मोडू दे, चार घास खाऊ दे, मंग द्या काय द्यायचं ते. आनि दुसऱ्यांदा कुनाला इचारायचं न्हाई. आग्रव करायचा तर माज्या भाकरीचा करा."

"बरं, मामीआजी," रेणू म्हणाली. ती रडत होती की हसत होती, ते मला मागून कळलं नाही.

पुन्हा लोणावळा, रविवार

गेस्टहाउसच्या स्टीलच्या स्वयंपाकघरात वहिनी शिरली आणि तिनं पहिल्यांदा गॅसची निर्भर्त्सना केली. "हा जाळ निळा हाय. निळ्या जाळावर भाकरी फुगती, भाजत न्हाई." मग फणसाखाली विटांची चूल मांडली. मी आणि कुलदीपनं काटक्या गोळा केल्या. मालक येऊन धुराकडे बघून गेले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

पाहुणे आले. पुण्यामुंबईचे, दोन कुटुंबं आणि मित्रांचा एक घोळका. व्हरांड्यात पानं मांडली. ताटाआधी ग्लास मागणारे दोघं-तिघं निघालेच. त्यांना मी माझ्या वयाचा धाक दाखवला. "आधी भाकरी मोडा, मग देते." एकानं विचारलं, "हा वाइनचा नियम आहे का, आजी?" मी म्हटलं, "मावळातल्या वाइनचा आहे."

रश्श्याबरोबर शेनिन गेली तेव्हा व्हरांडा जरा शांत झाला. एक बाई डोळे मिटून जेवत होती. घोळक्यातल्या एकानं ग्लास रिकामा करून हात वर केला. "आजी, रिपीट!" मी भाकरीची टोपली घेऊन गेले आणि त्याच्या पानात भाकरी वाढली. तो म्हणाला, "हे नाही." मी म्हटलं, "हेच रिपीट होतं इथं," आणि वर रस्सा घातला. त्यानं खाल्लं. पुढे त्यानं आणखी दोन भाकऱ्या घेतल्या आणि ग्लासाचं नाव काढलं नाही. जन्मभर पाहुण्याला पोट फुटेपर्यंत वाढलेली मी, ग्लासांकडे बघायचंच नाही असं ठरवून फिरत होते. सोपं नव्हतं. हात आपोआप बाटलीकडे जायचा.

मालक शेवटी स्वतः जेवायला बसले. भरीत आणि लाल वाइन संपवून त्यांनी रेणूला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "पुढच्या रविवारचं बुकिंग घ्यायला सुरुवात करू ना?" रेणू आत आली आणि मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा आमटीच्या पातेल्यात पडला. पावट्यांसकट काढला.

वहिनीला सांगायला मी मागच्या दारी गेले. ती चुलीपाशी नव्हती. ताटं विसळायची मोरी होती, तिथं उभी होती. उष्टी ताटं येत होती आणि धुणाऱ्या बाईच्या हातात जाण्याआधी ती एकेक ताट घेऊन बघत होती. ग्लासांकडे तिचं लक्ष नव्हतं. एक ताट उजेडात तिरकं धरलं. खेकड्याची कवचं एका कडेला, बाकी लख्ख.

"पुसून खाल्लंय, वन्सं," ती म्हणाली. "नांगीबी फोडून खाल्ली."

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

तिनं ते ताट बाईला दिलं नाही. मोरीत स्वतः विसळलं, पदरानं पुसलं आणि फणसाखाली घेऊन गेली. तव्यावर नवी भाकरी टाकली. फुगली तशी उतरवली, ताटात घेतली, पातेल्यातला उरलेला रस्सा वर वाढला. वाफा येत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी आहे, म्हणून मी हात पुढे केला. तिनं ताट स्वतःपुढे ठेवलं आणि पाटावर मांडी घालून बसली.

भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला.

"व्हय," ती म्हणाली. "झालंय चांगलं."